गारगोटीला कोपरा नसतो

या गावाला दगडाची खाण नाही.
नांगराच्या फाळाला खटकतात त्या गारगोट्या,
वरून खडूसारख्या पांढऱ्या,
फोडल्या की आत काळ्याभोर, ओल्या डोळ्यासारख्या.
त्यांची भिंत होते, कोपरा होत नाही.
म्हणून थॉर्नलिंगच्या चर्चचा मनोरा गोल.

गावकरी वेगळं सांगतात.
म्हणतात, ही आधी विहीर होती,
पुरात भोवतालची माती वाहून गेली
आणि विहीर एकटीच उभी राहिली.
हे सांगताना विनिफ्रेड थर्कटल हसत नाहीत.

किल्ली त्यांच्याकडे असते, वीतभर लांब,
मांजराच्या खाण्याच्या डब्यामागे.
"पायरी सांभाळा," त्या दार ढकलत म्हणतात,
"सहाशे वर्षं पाडतेय ती लोकांना."

उत्तरेच्या रांगेत चार खांब.
दोघांच्या माथ्यावर दगडी पानं,
शिरा अशा, की वाटावं वारा नुकताच पडलाय.
तिसऱ्यावर एक पान पुरं, एक अर्धं,
तिसऱ्याची नुसती खूण, टाकीच्या टोकानं आखलेली.
चौथा खांब आठ बाजूंचा, सपाट,
दुसऱ्याच कुणाच्या हातचा.
मधे तेराशे एकोणपन्नासचा उन्हाळा आहे.
पान कोरणारा, त्याच्या हाताखाली शिकणारा पोरगा,
आणि दगडाचे पैसे देणारा,
तिघंही बहुधा त्याच उन्हाळ्यात गेले.
पुढची बारा वर्षं
या खांबांवर कावळे बसत होते.
"हेमो नाव त्याचं," विनिफ्रेडबाई म्हणतात,
"वडील सांगायचे. त्यांना कुणी सांगितलं, कोण जाणे."

मग हिशेबाची वही बोलते:
चुना, चार शिलिंग.
कुंचले दोन.
भिंतीवरचे संत झाकण्याची मजुरी, रॅल्फ क्युलीला, तीन दिवसांची.
बिअरचे वेगळे.
उत्तरेचं दार विटांनी बुजवलं, तेव्हा कारण लिहिलं नाही.
वारा, असं मला वाटतं.
सैतान, असं वाटणारेही आहेत.

अठराशे अडुसष्ट साली पाद्री ओबादाया क्रॅन यांनी
सगळं पुन्हा मूळ रूपात आणलं.
म्हणजे टोकदार खिडक्या, नक्षीच्या फरशा, पितळी दिवे:
इथे कधीच नव्हतं ते सगळं.
विनिफ्रेडबाईंच्या पणजीचं लग्न त्याच फरशांवर झालं,
त्यामुळे त्या क्रॅनसाहेबांना नावं ठेवत नाहीत.
माझ्यासमोर तरी.

अकरा वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात,
कुणीतरी रात्री टेम्पो लावून
छपराचं शिसं वळकटीसारखं गुंडाळून नेलं.
हिवाळाभर निळं प्लास्टिक फडफडत राहिलं.
बाकांवर बुरशी आली, ऑर्गन सर्दी झाल्यासारखा वाजू लागला,
आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी
बुजवलेल्या दारासमोरच्या भिंतीवरून
ताटाएवढा चुन्याचा पोपडा पडला.

आत पाऊल होतं.
प्रचंड, उघडं, घोट्यापर्यंत पाण्यात.
भोवती मासे, त्यातला एक दात दाखवणारा,
आणि अंगठ्याला विळखा घातलेली एक वाम.
रोज थोडं थोडं पडत गेलं:
घोटा, नडगी, गुडघा.
खांद्यावर मूल घेऊन नदी ओलांडणारा तो संत,
रॅल्फ क्युलीच्या चुन्यात पावणेपाचशे वर्षं उभा.
पाय आला होता. बाकीचा माणूस यायचा होता.

मे महिन्यात नवं छप्पर झालं, स्टीलचं,
चोरांना नको असलेलं.
भिंत वाळली. संत गुडघ्याशी थांबला.
नॉरिचहून तज्ज्ञ आले, म्हणाले, हात लावू नका,
पैसे आले की आम्ही रीतसर उघडू.
पैसे आलेले नाहीत.

निघताना विनिफ्रेडबाई भिंतीपाशी रेंगाळल्या.
"हे कुठे लिहू नका," म्हणाल्या,
आणि उजव्या हाताची करंगळी पुढे केली.
तिच्या नखाखाली थोडा चुना होता,
आणि चुन्यात कणभर तांबडं,
झग्याच्या काठाचं असावं.